मारायचं कुणाला? पाळीच्या युद्धखेळातला खरा पेच

सुट्टीत पोरगं मोबाईल हातात धरून पाच-पाच मिनिटं नुसतं बघत बसलेलं असतं. बोट हलत नाही, गोळीबाराचा आवाज नाही. ‘हँग झालाय काय रे फोन?’ असं आजी विचारते. फोनला काही झालेलं नसतं. पडद्यावर चार राजे आहेत, चौघांच्या सीमा एकमेकांना टेकलेल्या आहेत, पाळी पोराची आहे, आणि चाल करून जायचं ते कुणावर, हे काही केल्या ठरत नाहीये.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हापासून ‘हा गेमपण बंद होणार काय?’ असा घोळ बऱ्याच घरांत झाला. थोडक्यात सांगायचं तर त्या कायद्याचा बडगा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाचे खेळ त्याने वेगळे ठेवले आहेत. आपण ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत ते या दुसऱ्या गटातले. तेव्हा तो विषय इथेच सोडू आणि पोराच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीला तो शंभरेक वर्षं छळत होता.

पाळीचा खेळ म्हणजे कोणता?

एकाची चाल संपली की दुसऱ्याची सुरू होते, मध्ये विचार करायला वेळ मिळतो, आणि प्रत्येकाकडे थोडी जमीन, थोडं सैन्य, थोडा पैसा असतो. अशा खेळांना टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी म्हणतात. आपण ‘पाळीचा खेळ’ म्हणू. बुद्धिबळ याच घराण्यातलं, पण ते दोघांचं. जास्त जणांच्या खेळांत ‘रिस्क’ हा पटावरचा खेळ १९५७ मध्ये फ्रान्समध्ये आला. तो अल्बेर लामोरीस या चित्रपट दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघाला. ॲलन कॅलहॅमरचा ‘डिप्लोमसी’ १९५९ चा. कॉम्प्युटरवर सिड मायरचं ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आलं आणि अजून त्याच्या आवृत्त्या निघतायत. पोराच्या हातातल्या फोनवर बहुतेक २०१६ चं ‘पॉलिटोपिया’ असेल. चौकोनी घरांचा नकाशा, छोटे छोटे सैनिक, आणि पैशाऐवजी चांदण्या.

या सगळ्यांत शहरं कशी वाढवायची, कोणतं तंत्र आधी शिकायचं, हे हळूहळू जमतं. व्हिडिओ बघूनही येतं. अडतं ते एकाच ठिकाणी: चार शेजाऱ्यांपैकी कुणाला हात घालायचा.

दोघांचं गणित चौघांना का लागू पडत नाही

खासबागेत कुस्ती लागते तेव्हा कुणाची जोड कुणाशी हे आधी ठरलेलं असतं. दोघे मातीत उतरतात, एक चितपट होतो, दुसरा फेटा बांधून घेतो. आता समजा हौद्यात एकाच वेळी चार पैलवान आहेत, जोड कुणीच लावून दिलेली नाही, आणि तुम्ही एकाचा पट काढायला वाकलात की उरलेल्या दोघांना तुमची पाठ दिसते. पाळीचा खेळ हा असा आहे.

दोघांच्या खेळात समोरच्याचं नुकसान म्हणजे आपला फायदा. तिसरा माणूस आला की हे समीकरण मोडतं. आकड्यांत बघू. चार जण आहेत, प्रत्येकाची ताकद २०. तुम्ही शेजाऱ्यावर हल्ला केलात. तुमची ६ खर्ची पडली, त्याची १० गेली, आणि त्याच्या एका शहरातून तुम्हाला ३ मिळाली. आता तुम्ही १७, तो १०, आणि काहीही न केलेले दोघे २०-२०. लढाई तुम्ही जिंकली, मोठा नगारा वाजला, आणि बरोबरीत असलेले तुम्ही तिसऱ्या नंबरावर आलात. जिंकलेलं शहर पुढे उत्पन्न देईल हे खरं. पण ते उत्पन्न हातात पडायच्या आत त्या दोघांपैकी एकाने तुमच्याकडे बघितलं तर?

म्हणजे हल्ल्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते: मला काय मिळालं, माझं काय गेलं, आणि बघत बसलेल्यांना फुकटात काय मिळालं. पहिल्या दोन गोष्टी सगळे मोजतात. तिसरी नवखे विसरतात, आणि मुरलेले खेळाडूही घाईत विसरतात.

तीन नेमबाज

कोल्हापूरला नेमबाजी नव्याने समजावून सांगायला नको. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे ही सगळी आपल्याच जिल्ह्याची नावं. पुढचं कोडं मात्र पदकाच्या नेमबाजीचं नाही. ते गेम थिअरीतलं आहे. माझा फायदा तुमच्या निर्णयावर आणि तुमचा माझ्या निर्णयावर अवलंबून असतो तेव्हा काय करावं, याच्या गणिताला गेम थिअरी म्हणतात.

तिघं समोरासमोर उभे आहेत. कच्च्याची तिनातली एक गोळी लागते. मधल्याच्या तिनातल्या दोन लागतात. पक्क्याचा नेम कधीच चुकत नाही. पाळी कच्च्यापासून सुरू होते, मग मधला, मग पक्का, आणि एकच उरेपर्यंत हे चालू राहतं. प्रत्येकाला जगायचं आहे आणि प्रत्येकजण डोकं वापरणारा आहे. पहिली गोळी कच्च्याची. त्याने कुणावर झाडावी?

बहुतेक जण म्हणतात, पक्क्यावर. तोच सगळ्यात घातक. काही जण म्हणतात, मधल्यावर. तो जरा सोपा. हिशेब केला तर दोन्ही उत्तरं मागे पडतात. कच्च्याने हवेत गोळी झाडावी.

का, ते बघा. कच्च्याने गोळी वाया घालवली की मधल्याची पाळी येते. मधल्याला पक्क्यावरच झाडावी लागते, कारण पक्का जिवंत राहिला तर तो त्याच्या पाळीला मधल्यालाच उडवणार. कच्च्यापेक्षा त्याला मधल्याची भीती जास्त. मधल्याचा नेम लागला तर पक्का गेला. चुकला तर पक्का मधल्याला संपवतो. काहीही झालं तरी एका फेरीनंतर दोघेच उरतात, त्यांतला एक आपला कच्चा असतो, आणि पहिली गोळी पुन्हा त्याचीच.

आता टक्के. हवेत झाडली तर कच्चा शेवटपर्यंत टिकायची शक्यता ३९.७ टक्के. पक्क्यावर झाडली तर ३१.२. मधल्यावर झाडली तर २६.५, कारण चुकून नेम लागलाच तर पुढची गोळी न चुकणाऱ्या पक्क्याची आणि समोर एकटा कच्चा. ज्याला ताळा करायचा असेल त्याने कागद-पेन घेऊन बसावं. नववीचं गणित पुरतं.

याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. कच्चा हवेत झाडतो त्या डावात मधल्याची टिकायची शक्यता ३८.१ टक्के येते आणि पक्क्याची फक्त २२.२. ज्याचा नेम कधीच चुकत नाही तोच सगळ्यात आधी मरायची शक्यता जास्त, आणि सगळ्यात ढ नेमबाज सगळ्यांच्या पुढे. पक्क्याचं चुकलं काय? काही नाही. तो सगळ्यांना दिसत होता.

पाळीच्या खेळात हे रोज घडतं. यादीत पहिल्या नंबरावर नाव चढलं की नकाशावरच्या तीन तलवारी तुमच्याकडे वळतात. म्हणून जुने खेळाडू मुद्दाम दुसऱ्या नंबरावर रेंगाळतात. त्यांना आळशी म्हणू नका.

इथे एक शंका रास्त आहे: खेळात हवेत गोळी कुठे झाडता येते? येते की. पाळी आली म्हणून सैन्य हलवलंच पाहिजे असं नाही. भिंत बांधा, रस्ता करा, शहर वाढवा. दोन बलाढ्य शेजारी एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात असताना आपण मध्ये घुसलो तर दोघांचीही नजर आपल्याकडे वळते.

मग सगळ्यात दुबळ्याला आधी संपवावं का?

हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि तो निम्माच खरा आहे.

पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, रस्ते बंद पडले की आमच्याकडे पट मांडला जातो. अशाच एका दुपारी रिस्कचा डाव रंगला होता. दादाकडे आख्खा आशिया. रिस्कमध्ये आशियाचे १२ प्रदेश असतात आणि ते सगळे एकाच्या ताब्यात असले तर दर पाळीला ७ सैन्यं जादा मिळतात. मामांकडे उरले होते पेरू आणि अर्जेंटिना, दोन्हींत मिळून पाच सैन्यं. धाकटीकडे आफ्रिका आणि ब्राझील. पाळी तिची.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अगं, माझ्यात काय राहिलंय आता? त्या दादाला बघ की, आशिया घेऊन बसलाय.’

‘मामा, तुमच्याकडे सैन्य नाही, पण चार पत्ते आहेत.’

रिस्कचा हा नियम माहीत नसेल तर सांगतो. ज्या पाळीत तुम्ही निदान एक प्रदेश जिंकता त्या पाळीच्या शेवटी एक पत्ता मिळतो. तीन पत्त्यांचा संच जमला की तो देऊन सैन्य घेता येतं, आणि जसजसे संच वापरले जातात तसतसं मिळणारं सैन्य वाढत जातं. कुणाला पटावरून पूर्ण बाहेर काढलं तर त्याचे सगळे पत्ते तुमचे. धाकटीकडे स्वतःचे तीन होते. तिने ब्राझीलमधलं सैन्य काढलं, पेरू घेतला, मग अर्जेंटिना. हातात सात पत्ते आले. सहा किंवा जास्त पत्ते असे हाती आले की संच तिथल्या तिथे मोडावा लागतो. डावातला तो सहावा संच होता, म्हणजे १५ सैन्यं, तीही त्याच पाळीत. ती सगळी तिने इजिप्तमध्ये ओतली आणि मध्यपूर्वेत घुसली. आशिया तुटला. दादाची दर पाळीची ७ सैन्यं बंद.

‘नाद खुळा!’ मामा म्हणाले. आपण मेल्याचं त्यांना काही वाटलं नाही, दादाचा चेहरा बघण्यात ते गुंगले होते.

मामा दुबळे होते म्हणून तिने त्यांना काढलं नाही. त्यांच्यासोबत चार पत्ते पडणार होते आणि ते पत्ते त्याच पाळीत मोठ्या शत्रूविरुद्ध वापरता येणार होते. मामांच्या हातात एकही पत्ता नसता तर त्यांना तसंच ठेवणं शहाणपणाचं होतं. दोन कंगाल प्रदेश सांभाळणारा दुबळा भिडू हा आपल्या सीमेवरचा फुकटचा पहारेकरी असतो. त्याला संपवलं की त्याच्या पलीकडचा दांडगा थेट आपल्या दाराशी येतो.

आणि दुबळ्याला मारणं फुकट नसतं. रिस्कमध्ये हल्लेखोर तीन फासे टाकतो आणि बचाव करणारा दोन. बरोबरी झाली तर बचाव करणाऱ्याची सरशी. अशा एका फेकीत बचावाची दोन्ही सैन्यं जायची शक्यता ३७ टक्के, दोघांचं एकेक जायची ३४, आणि हल्लेखोराची दोन्ही जायची २९. पारडं हल्ल्याकडे झुकलेलं आहे, पण जरासंच. एकास एक अशी फेक झाली तर हल्लेखोर ४२ टक्के वेळाच जिंकतो. तेव्हा शिल्लक राहिलेल्या एकेका सैनिकाच्या जिवावर धावत सुटणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पाठीमागे कोण उभा आहे?

आता या लेखातला मुख्य मुद्दा. कुणावर हल्ला करायचा, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ज्यांच्यावर हल्ला करायचा नाही त्यांच्याकडे बघून मिळतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे स्पष्ट मांडलंय. जिंकायला निघालेला राजा मध्ये. त्याला लागून असलेला राजा तो शत्रू, त्या शत्रूच्या पलीकडचा तो मित्र, आणि असं पुढे आलटून पालटून. हे मंडल पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण कौटिल्य मागची बाजूही मोजतो. तुम्ही पुढच्यावर चाल करून गेलात की मागून टाच धरणारा जो शेजारी, त्याला तो पार्ष्णिग्राह म्हणतो. आणि पार्ष्णिग्राहाच्याही पाठीमागे असलेला, त्याला रोखू शकेल असा आपला माणूस कोण, हेही मोजायला लावतो. पाळीच्या खेळात नकाशा उघडून हीच दोन बोटं ठेवून बघायची: मी पूर्वेला गेलो तर पश्चिमेकडून कोण येईल, आणि तो यायला लागला तर त्याला कोण अडवेल?

पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट आपण शौर्याची म्हणून ऐकतो. ती या दृष्टीनेही वाचण्यासारखी आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. आदिलशाही दक्षिणेकडून, मोगल उत्तरेकडून. जुलैमध्ये शिवाजी महाराज निसटून विशाळगडाला पोचले. पुढे काय केलं? सप्टेंबरमध्ये पन्हाळा तह करून आदिलशाहीला देऊन टाकला. एवढा तोलामोलाचा गड! पण त्या किमतीत एक आघाडी शांत झाली आणि मोगलांकडे बघायला हात मोकळे झाले. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर छापा पडला, जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली. पन्हाळा परत आला १६७३ मध्ये. खेळात दोन बाजूंनी कोंडी झाली की नवखा दोन्हीकडे निम्मं निम्मं सैन्य पाठवतो. त्यापेक्षा एक शहर देऊन एका बाजूशी तह करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि गेलेलं शहर परत घेता येतं.

उलट उदाहरणही घरातलंच आहे. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत कोल्हापूरकरांकडून पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले. त्याचा सूड म्हणून पटवर्धनांनी पुण्याच्या फौजेच्या मदतीने कोल्हापूरला वेढा घातला. ताकद त्यांच्याकडे होती, कारणही होतं. पण मार्च १८०० मध्ये पुण्यात नाना फडणवीस वारले, तिथलं राजकारण फिरलं, पटवर्धनांच्या स्वतःच्याच मुलखावर गंडांतर आलं आणि कोल्हापूरचा वेढा उठला. समोरच्या तटात काही बदललं नव्हतं. बदललं ते पाठीमागे.

आणि शेवटी फायदा कुणाचा झाला? कोल्हापूरकर, पटवर्धन, निपाणीकर, सावंतवाडीकर अशी सगळी आसपासची मंडळी एकमेकांशी झुंजत राहिली. १८१२ मध्ये कोल्हापूरला इंग्रजांशी तह करावा लागला आणि त्यात मालवणसारखं बंदर हातचं गेलं. वरच्या उदाहरणातले काहीही न करता २० वर राहिलेले खेळाडू आठवा. अर्थात इंग्रज काही स्वस्थ बसलेले नव्हते, पण या भांडणांत त्यांना फारसं काही खर्चावं लागलं नाही, एवढं नक्की.

दोघांना मारायचंच असेल तर

एकेकाला. यामागे साधं गणित आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ मध्ये ते मांडलं. लांबून मारा करणाऱ्या सैन्यांत संख्येचा परिणाम वर्गाने वाढतो. बरोबरीच्या दर्जाचे १० विरुद्ध ६ लढले तर ६ संपेपर्यंत १० पैकी ८ उरतात, कारण १०० वजा ३६ म्हणजे ६४, आणि त्याचं वर्गमूळ ८. त्याच आठांनी पुढे दुसऱ्या सहांना गाठलं तरी पाचएक उरतात. पण तेच सहा आणि सहा एकत्र येऊन १२ झाले तर १० मधलं कुणीच उरत नाही. तेच शत्रू, तीच संख्या, फरक फक्त गाठायच्या क्रमाचा.

अरुंद जागेत हे गणित चालत नाही, कारण पुढच्या रांगेतल्यांनाच लढता येतं. घोडखिंडीत मूठभर माणसांनी मोठं सैन्य तासन्‌तास रोखून धरलं ते त्यामुळेच शक्य झालं. नकाशावर खिंड, पूल किंवा सामुद्रधुनी दिसली तर तिथे हल्ला करायला जाऊ नका, तिथे पहारा बसवा.

‘पण आधी त्यानेच मला मारलं होतं!’

सूड हा सगळ्यात वाईट सल्लागार आहे असं म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. अनोळखी लोकांशी एकदाच खेळायचा डाव असेल तर सूड खरोखरच वाया जातो: गेलेलं शहर गेलं, आता पुढे कोण धोकादायक एवढंच बघावं. पण दर रविवारी त्याच चौघांशी खेळणाऱ्याने कधीच वचपा काढला नाही तर ‘याला मारलं तरी चालतं’ अशी त्याची ख्याती होते, आणि मग प्रत्येक डावात पहिला हल्ला त्याच्यावरच. एकदा ठणकावून उत्तर दिलं की पुढच्या डावांत सीमा शांत राहतात. मात्र हरत चाललेला भिडू ‘मी बुडालो तरी चालेल, पण तुला जिंकू देणार नाही’ म्हणून एकाच्याच मागे लागतो तेव्हा डाव नासतो. अशा माणसाला कोपऱ्यात पूर्ण कोंडू नये. त्याला गमवायला थोडं शिल्लक ठेवावं.

समोर माणूस नसून कॉम्प्युटर असेल तर

कॉम्प्युटरला राग येत नाही, पण त्याला सवयी असतात, आणि त्या बहुतेक खेळांत उघड लिहिलेल्या असतात. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या भागात प्रत्येक राजाचा एक स्वभाव ठरलेला आहे. त्यात २०१८ मध्ये चंद्रगुप्त मौर्य आला. त्याच्या खास शक्तीचं नाव ‘अर्थशास्त्र’ आहे, आणि ज्यांची शहरं आपल्या हद्दीला लागून आहेत ते त्याला खुपतात. त्याच्या शेजारी वस्ती केलीत तर तुम्ही कितीही गोड वागलात तरी तुमची पाळी येणार. तेव्हा तो मोकळा व्हायच्या आधी त्याच्याकडे बघणं भाग आहे. लांबचा राजा तुमच्याबद्दल काहीही पुटपुटत असला तरी घाई नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट त्या खेळात आली: शहरांची निष्ठा. दूरचं शहर जिंकलं, पण आसपास सगळी शत्रूची वस्ती असेल तर ते काही पाळ्यांत तुमच्याविरुद्ध उठतं. कौटिल्यही याच अंगाने जातो. बलवान पण अन्यायी राजावर जावं की दुर्बळ पण न्यायी राजावर, असा प्रश्न तो विचारतो आणि पहिल्यावर जावं असं सांगतो, कारण अन्यायी राजाची प्रजा त्याच्या मदतीला धावत नाही. खेळात याचा अर्थ असा की सैन्याचा आकडा बघून थांबू नका. तो मुलूख जिंकल्यावर टिकेल का, हेही बघा. जवळचं मध्यम शहर लांबच्या श्रीमंत शहरापेक्षा बरं पडतं.

मग हल्लाच करू नये की काय?

एवढं सगळं वाचून ‘भिंती बांधून गप्प बसावं’ असा अर्थ कुणी काढेल. तसं नाही. ‘डिप्लोमसी’त सात सत्ता आणि ३४ ठाणी असतात, जिंकायला १८ लागतात. सुरुवातीला सातांच्या ताब्यात मिळून २२ असतात, म्हणजे १२ ठाणी मोकळी. पहिल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही त्यांतली घेतली नाहीत तर शेजारी घेतात आणि मग तुमच्या दाराशी जास्त सैन्य घेऊन उभे राहतात. त्या खेळात फासे नाहीत आणि सगळ्या तुकड्या एका ताकदीच्या, त्यामुळे बाजूने पाठिंबा मिळाल्याशिवाय कुणालाच हलवता येत नाही. तिथे कुणाला मारायचं याआधी कुणासोबत जायचं हे ठरतं.

चाल करण्याजोगा शेजारी ओळखायच्या माझ्या खुणा सांगतो. त्याचं सैन्य दुसऱ्या सीमेवर अडकलेलं असावं. त्याचा मुलूख घेतल्यावर आपली सीमा आखूड व्हावी, लांबू नये. रिस्कमधला ऑस्ट्रेलिया सगळ्यांना हवा असतो तो यासाठीच, चार प्रदेश आणि आत यायला एकच वाट. आणि आज त्याला सोडलं तर पाच पाळ्यांनी तो हाताबाहेर जाणार असावा. तिन्ही जुळलं तर थांबू नका. पहिली खूण नसेल तर मी तरी जात नाही, बाकीच्या दोन कितीही खुणावत असल्या तरी.

डाव संपत आला की

वरचं सगळं ‘उद्या’ आहे या समजुतीवर उभं आहे. शेवटची पाळी कधी हे माहीत असेल तर हिशेब पालटतो. पॉलिटोपियाच्या एका प्रकारात ३० पाळ्यांनंतर डाव बंद होतो आणि गुण मोजले जातात. तिथे शेवटच्या तीन-चार पाळ्यांत पाठीमागचा शत्रू, उद्याचा सूड, सीमेची लांबी यांतलं काही उरत नाही. ज्याचं शहर गुण देईल आणि लवकर पडेल तोच निशाणा. तह मोडायचा असेल तर तोही तेव्हाच मोडतात, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्याने पंचविसाव्या पाळीपासूनच जो तो सैन्य घराकडे ओढायला लागतो.

फक्त एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या खेळात शहरात सैनिक शिरला म्हणजे शहर आपलं झालं असं होत नाही. पुढची पाळी सुरू होताना तो तिथेच जिवंत असावा लागतो, तेव्हा कुठे ताबा घेता येतो. शेवटच्या पाळीला धावत जाऊन शिरलेल्या सैनिकाने शहर मिळत नाही. तो त्याच्या आधीच्या पाळीलाच आत उभा असायला हवा, आणि शेजारच्या घरात त्याला उडवू शकेल असा शत्रूचा धनुर्धारी नको.